लखनौ ते पुणे : हवाई अंतर १,१५५ किलोमीटर, विमानप्रवास सव्वादोन तासांपर्यंत, आकड्यांमागचे गणित आणि प्रवाशांचे हक्क

लखनौ : उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ आणि पुणे या दोन शहरांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर आहे. थेट विमानाला हे अंतर कापण्यास, विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंत, साधारणपणे दोन तास ते सव्वादोन तास लागतात. त्यातील प्रत्यक्ष हवेतील काळ सुमारे एक तास चाळीस मिनिटे ते पावणेदोन तास इतका असतो. हेच अंतर रेल्वेने पार करण्यास साधारण एक दिवस आणि एक रात्र लागते, तर रस्त्याने सुमारे १,४०० किलोमीटरचा पल्ला गाठावा लागतो.

वरवर पाहता ही माहिती एका ओळीत संपणारी आहे. प्रत्यक्षात मात्र तिकिटावर छापलेली वेळ, विमानाचा वेग आणि नकाशावरील अंतर यांचा मेळ बहुतेकदा बसत नाही. हिवाळ्यात उत्तर भारतात धुके पसरले की हा विसंवाद प्रवाशाला प्रत्यक्ष भोवतो. पुढचे विमान चुकते, रुग्णालयाची ठरलेली वेळ निघून जाते, परीक्षेचे केंद्र गाठता येत नाही. शिवाय विमान रद्द झाल्यास मिळणारी भरपाईदेखील याच प्रवासवेळेवर ठरते. म्हणूनच अंतर आणि वेळ यांचे गणित समजून घेणे उपयुक्त ठरते.

दोन विमानतळांची ओळख

लखनौचा चौधरी चरणसिंह आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या दक्षिणेस अमौसी येथे आहे. त्यामुळे जुन्या पिढीतील लोक आजही त्याला 'अमौसी विमानतळ' म्हणूनच ओळखतात. या विमानतळाला २००८ मध्ये माजी पंतप्रधान चौधरी चरणसिंह यांचे नाव देण्यात आले. नोव्हेंबर २०२० पासून त्याचे संचालन अदानी समूहाकडे आहे. विमानतळाचा संकेत 'एलकेओ' असा असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२३ मीटर आहे. पूर्व-पश्चिम धावपट्टीची लांबी २,७०० मीटरहून थोडी अधिक आहे.

पुण्याचा विमानतळ लोहगाव येथे असून तो मुळात भारतीय हवाई दलाचा तळ आहे. १९३९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी हा तळ उभारण्यात आला. धावपट्टी हवाई दलाच्या ताब्यात असून नागरी विमाने तिचा वापर करतात. प्रवासी टर्मिनलचे व्यवस्थापन भारतीय विमानतळ प्राधिकरण पाहते. 'पीएनक्यू' हा या विमानतळाचा संकेत. धावपट्टीची लांबी सुमारे २,५३५ मीटर, तर समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५९२ मीटर आहे. म्हणजे लखनौहून निघालेले विमान पुण्यात उतरते, तेव्हा ते निघालेल्या जागेपेक्षा जवळपास ४७० मीटर उंचीवर थांबलेले असते.

दोन्ही विमानतळांच्या अलीकडच्या वाटचालीत एक योगायोग आहे. लखनौचे तिसरे टर्मिनल आणि पुण्याचे नवे टर्मिनल या दोहोंचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १० मार्च २०२४ रोजी आझमगढ येथील एकाच कार्यक्रमातून केले. प्रवाशांसाठी ही दोन्ही टर्मिनले त्यानंतर टप्प्याटप्प्याने, २०२४ मध्येच, खुली झाली.

अंतर कसे मोजतात?

दोन विमानतळांमधील अंतर मोजताना शहराचा मध्य किंवा टर्मिनलचा दरवाजा विचारात घेतला जात नाही. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश निश्चित केलेले असतात. लखनौचा हा बिंदू सुमारे २६.७६ अंश उत्तर अक्षांश आणि ८०.८९ अंश पूर्व रेखांशावर, तर पुण्याचा सुमारे १८.५८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर येतो.

पृथ्वी गोलाकार असल्याने या दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत जवळची वाट ही सपाट कागदावरची सरळ रेषा नसून गोलाच्या पृष्ठभागावरील वक्र रेषा असते. या रेषेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. तिच्या आधारे हे अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर, म्हणजेच जवळपास ६२४ नॉटिकल मैल भरते. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानवाहतुकीत जगभर अंतरासाठी हेच एकक वापरले जाते.

वेगवेगळ्या ठिकाणी या अंतराचे आकडे तीन-चार किलोमीटरने वेगळे आढळतात. पृथ्वी पूर्ण गोल मानली की ध्रुवांकडे किंचित चपटी मानली, यावर हा फरक अवलंबून असतो. शहराच्या मध्यापासून मोजणी केली असल्यास फरक आणखी वाढतो. या आकड्यांतील कोणताही चुकीचा म्हणता येत नाही. प्रत्येकाचा आधार निराळा असतो, एवढेच.

लखनौ विमानतळापासून अन्य काही विमानतळांची सरळ हवाई अंतरे पुढीलप्रमाणे आहेत :

दिल्ली : सुमारे ४२५ किलोमीटर
नागपूर : सुमारे ६५५ किलोमीटर
छत्रपती संभाजीनगर : सुमारे ९५० किलोमीटर
पुणे : सुमारे १,१५५ किलोमीटर
मुंबई : सुमारे १,१८० किलोमीटर
गोवा (मोपा) : सुमारे १,४२० किलोमीटर

या यादीतून दोन गोष्टी लक्षात येतात. लखनौपासून मुंबईपेक्षा पुणे थोडे जवळ आहे. आणि महाराष्ट्रातील नागपूर हे पुण्याच्या तुलनेत लखनौच्या कितीतरी निकट आहे. नागपूर-पुणे अंतर मराठी माणसाला दूरचे वाटते, त्याचा उलट प्रत्यय येथे मिळतो. आणखी एक बाब म्हणजे दिल्ली आणि लखनौ ही दोन्ही शहरे पुण्यापासून जवळपास सारख्याच हवाई अंतरावर आहेत.

आकाशातील वाट

अमौसीहून लोहगावकडे काढलेली काल्पनिक रेषा नैऋत्येकडे जाते. ती कानपूरच्या आग्नेयेस गंगा ओलांडते आणि बेतवा जेथे यमुनेला मिळते त्या हमीरपूरच्या परिसरातून बुंदेलखंडात शिरते. तेथून सागर आणि रायसेन जिल्ह्यांवरून ती नर्मदापुरम व हरदा यांच्या दरम्यान नर्मदा पार करते. सातपुड्याच्या रांगा ओलांडून बुऱ्हाणपूरजवळ तापीच्या खोऱ्यात आल्यावर जळगाव जिल्ह्यातील रावेरच्या बाजूने ती महाराष्ट्रात प्रवेश करते. पुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पश्चिमेकडून, गंगापूरच्या आसपास गोदावरी ओलांडून, राहुरी आणि पारनेरच्या परिसरावरून ती पुण्याला पोहोचते.

रेल्वेची वाट या रेषेपासून फार दूर जात नाही. पुणे-लखनौ गाड्या दौंड, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी आणि कानपूर असा प्रवास करतात. नर्मदा, तापी आणि गोदावरी या तिन्ही नद्या त्यांनाही ओलांडाव्या लागतात.

प्रत्यक्षात विमान या रेषेवरून तंतोतंत उडत नाही. आकाशात ठरवून दिलेले हवाई मार्ग असतात आणि त्यांवर नावे दिलेले टप्पे असतात. वैमानिकाला एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जावे लागते. वाटेत लष्करी सरावासाठी राखून ठेवलेली हवाई क्षेत्रे असतील तर ती टाळावी लागतात. उड्डाणानंतर आणि उतरण्यापूर्वीच्या ठरावीक वळणांमुळेही अंतर वाढते. त्यामुळे विमान प्रत्यक्षात कापत असलेले अंतर सरळ अंतरापेक्षा काही टक्क्यांनी अधिक असते.

भागाकार का चुकतो?

या मार्गावर प्रामुख्याने एअरबस ए-३२० श्रेणीतील आणि त्या आकाराची विमाने वापरली जातात. अशा विमानाचा उंचावरील वेग ताशी सुमारे ८३० किलोमीटर असतो. १,१५५ ला ८३० ने भागले तर एक तास २३ मिनिटे येतात. तिकिटावर मात्र दोन तासांहून अधिक वेळ दिसते. हा फरक कोठून येतो, हे पाहणे उद्बोधक आहे.

विमानाचा संपूर्ण वेग केवळ मधल्या टप्प्यातच मिळतो. उड्डाणानंतर १० ते ११ किलोमीटर उंची गाठण्यास साधारण २० ते २५ मिनिटे लागतात आणि त्या काळात सरासरी वेग कमी असतो. उतरण्याची तयारीही गंतव्यस्थानापासून जवळपास २०० किलोमीटर आधी सुरू होते. तीही २० ते २५ मिनिटांची असते. पूर्ण वेगाने कापायचे अंतर त्यामुळे साधारण ७५० किलोमीटरच उरते आणि त्याला सुमारे ५५ मिनिटे लागतात. उतरण्यासाठी रांगेत थांबण्याची काही मिनिटे धरली की हवेतील एकूण काळ एक तास ४० ते ४५ मिनिटांच्या घरात जातो.

त्यात जमिनीवरील वेळ मिळवावी लागते. टर्मिनलपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत जाण्यास आणि उड्डाणाची परवानगी मिळण्यास १० ते १५ मिनिटे, तर उतरल्यानंतर थांब्यापर्यंत पोहोचण्यास पाच ते दहा मिनिटे लागतात. जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतच्या या संपूर्ण काळाला विमानवाहतुकीच्या परिभाषेत 'ब्लॉक टाइम' म्हणतात. वेळापत्रकात आणि तिकिटावर दिसते ती हीच वेळ.

विमान कंपन्या या वेळेत थोडी सवलतही धरून ठेवतात. नियोजित वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोहोचलेले किंवा निघालेले विमान 'वेळेवर' मानण्याची पद्धत आहे. परिणामी एखादे विमान वीस मिनिटे उशिरा निघूनही वेळेवर पोहोचते. ते जादा वेगाने उडालेले नसते. वेळापत्रकातील राखीव मिनिटे तेथे कामी आलेली असतात.

जाताना जास्त, येताना कमी

लखनौहून पुण्याला जाणाऱ्या आणि पुण्याहून लखनौला येणाऱ्या विमानांच्या वेळेत काही मिनिटांचा फरक दिसतो. हिवाळ्यात तो अधिक जाणवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर भारतावर, सुमारे १० ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरहून अधिक होऊ शकतो.

नैऋत्येकडे निघालेल्या विमानाला हा वारा तिरकस समोरून येतो, तर ईशान्येकडे येणाऱ्या विमानाला तो मागून रेटा देतो. संपूर्ण मार्गावर सरासरी ताशी ६० किलोमीटरचा अडथळा किंवा साहाय्य गृहीत धरले, तर ७५० किलोमीटरच्या मधल्या टप्प्यात जाण्या-येण्याच्या वेळेत सुमारे आठ मिनिटांचा फरक पडतो. विमान दक्षिणेकडे सरकते तसा हा प्रवाह मागे पडतो, म्हणून फरक आणखी वाढत नाही. पावसाळ्यात जेट प्रवाह हिमालयाच्या उत्तरेकडे सरकतो. त्या दिवसांत वेळ वाढतो तो प्रामुख्याने ढगांचे उंच मनोरे टाळण्यासाठी घेतलेल्या वळणांमुळे.

धावपट्टीची दिशाही काही मिनिटांचा फरक करते. लखनौहून पश्चिमेकडे तोंड करून उड्डाण झाले तर विमानाला पुण्याची दिशा लवकर सापडते. पूर्वेकडे उड्डाण झाल्यास मोठे वळण घ्यावे लागते. पुण्यात पूर्वेच्या बाजूने थेट उतरता आले तर वेळ वाचतो. वाऱ्यामुळे पश्चिमेकडून उतरावे लागल्यास शहराला वळसा घालावा लागतो.

दोन्ही शहरांत घड्याळ एकच असले तरी सूर्य मात्र एकच वेळ पाळत नाही. लखनौ पुण्याच्या सुमारे सात अंश पूर्वेस आहे आणि प्रत्येक अंशामागे चार मिनिटे याप्रमाणे स्थानिक सौरवेळेत २८ मिनिटांचा फरक येतो. त्यात अक्षांशाचा परिणाम मिळून डिसेंबरमध्ये लखनौत पुण्यापेक्षा सुमारे पाऊण तास आधी सूर्यास्त होतो. सायंकाळी पाचच्या सुमारास लखनौहून निघालेल्या प्रवाशाला मावळतीचा प्रकाश बराच काळ सोबत करतो, त्याचे कारण हेच.

धुक्याचे दिवस

लखनौच्या विमानवेळांचा खरा कस हिवाळ्यात लागतो. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत गंगेच्या मैदानावर धुक्याची चादर पसरते. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार दृश्यमानता २०० मीटरहून कमी झाल्यास दाट आणि ५० मीटरहून कमी झाल्यास अतिदाट धुके मानले जाते. पहाट आणि सकाळचे पहिले काही तास यात सर्वाधिक अडचणीचे असतात.

लखनौ विमानतळावर अत्यल्प दृश्यमानतेतही विमान उतरविण्यास साहाय्य करणारी 'कॅट-३ बी' श्रेणीची यंत्रणा आहे. मात्र केवळ विमानतळावर यंत्रणा असून भागत नाही. विमानात तदनुरूप उपकरणे हवीत आणि दोन्ही वैमानिकांनी त्यासाठीचे विशेष प्रशिक्षण पूर्ण केलेले हवे. या तीनपैकी एकही अट अपुरी राहिली तर विमानाला थांबावे लागते किंवा अन्यत्र वळवावे लागते. एकाच सकाळी एका कंपनीचे विमान उतरते आणि दुसऱ्या कंपनीचे परत फिरते, याचा उलगडा येथे होतो.

पुण्यात आकाश निरभ्र असतानाही लखनौचे विमान सुटत नाही, अशी प्रवाशांची नेहमीची तक्रार असते. त्याचे कारण इंधनाच्या हिशेबात आहे. प्रत्येक विमानाला गंतव्यस्थानापर्यंतच्या इंधनाखेरीज पर्यायी विमानतळ गाठण्याइतके आणि त्याउपर ३० मिनिटे घिरट्या घालण्याइतके इंधन बाळगावे लागते. लखनौभोवतीचे कानपूर, वाराणसी, गोरखपूर, अयोध्या हे विमानतळ त्याच मैदानात येतात आणि अनेकदा त्याच धुक्यात असतात. साहजिकच पर्यायी विमानतळ धुक्याच्या पट्ट्याबाहेरचा निवडावा लागतो आणि इंधनही अधिक लागते. लखनौत उतरण्याची शक्यताच नसेल तर प्रवाशांना हवेत ताटकळत ठेवण्यापेक्षा पुण्यातच थांबविणे सुरक्षित ठरते.

याचा परिणाम पुढच्या फेऱ्यांवरही होतो. एकच विमान दिवसभरात अनेक शहरांच्या फेऱ्या करते. सकाळी लखनौला तीन तास अडकलेले विमान सायंकाळी तिसऱ्याच शहरात उशिराचे कारण ठरते. म्हणून धुक्याच्या दिवसांत भल्या पहाटेच्या विमानापेक्षा दुपारचे विमान निवडणे अधिक भरवशाचे असते. मात्र सायंकाळी उशिराच्या विमानाला दिवसभराचा साचलेला उशीर भोगावा लागू शकतो.

लोहगावच्या मर्यादा वेगळ्या प्रकारच्या आहेत. हवाई दलाच्या उड्डाणांना तेथे प्राधान्य असते. धावपट्टी एकच असल्याने दुरुस्तीच्या काळात नागरी वाहतूकही थांबते. २०२१ मध्ये ऑक्टोबरच्या उत्तरार्धात धावपट्टीच्या कामासाठी पुणे विमानतळ सुमारे दोन आठवडे पूर्णपणे बंद ठेवावा लागला होता. कंपन्यांना उड्डाणासाठी मिळणाऱ्या वेळाही त्यामुळे मर्यादित राहतात आणि पुण्याची अनेक विमाने रात्री उशिरा किंवा पहाटे ठेवली जातात. लखनौच्या बाजूने पाहिले तर धुक्याची वेळही नेमकी हीच असते.

थेट विमान की दिल्लीमार्गे?

थेट विमानात जागा नसल्यास बहुतेक प्रवासी दिल्लीमार्गे जातात. लखनौ-दिल्ली सुमारे ४२५ आणि दिल्ली-पुणे सुमारे १,१५५ असे मिळून हे अंतर सुमारे १,५८० किलोमीटर होते. थेट मार्गापेक्षा ते जवळपास ४२५ किलोमीटरने अधिक आहे, म्हणजे दिल्लीपर्यंतचा संपूर्ण प्रवास अतिरिक्त ठरतो. मधला थांबा धरून साडेचार ते सात तास लागू शकतात.

येथे अंतरापेक्षा तिकिटाचे स्वरूप महत्त्वाचे आहे. दोन्ही विमाने एकाच आरक्षणात असतील आणि पहिल्याला उशीर झाला, तर प्रवाशाला पुढच्या विमानाने पोहोचविण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन स्वतंत्र तिकिटे काढली असतील तर दुसरे विमान चुकल्याचा भुर्दंड प्रवाशालाच सोसावा लागतो. थोड्या पैशांच्या बचतीसाठी स्वतंत्र तिकिटे काढणाऱ्यांनी, विशेषतः हिवाळ्यात, दोन विमानांमध्ये पुरेसा अवधी ठेवणे आवश्यक आहे. दिल्लीतही त्याच काळात धुके असते, याचाही विचार करावा लागतो.

दोन तासांची रेषा आणि भरपाई

प्रवासवेळेच्या या गणिताचा थेट संबंध प्रवाशांच्या हक्कांशी आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार विमान रद्द झाल्यास आणि त्याची पूर्वसूचना विहित मुदतीत दिली गेली नसल्यास भरपाईची कमाल रक्कम त्या विमानाच्या ब्लॉक टाइमवर ठरते. ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या रचनेनुसार ही रक्कम अशी आहे :

ब्लॉक टाइम एक तासापर्यंत : ५,००० रुपये
एक तासाहून अधिक व दोन तासांपर्यंत : ७,५०० रुपये
दोन तासांहून अधिक : १०,००० रुपये

ही रक्कम किंवा एका बाजूचे मूळ भाडे आणि इंधन आकार यांची बेरीज, या दोहोंपैकी जे कमी असेल ते प्रवाशाला मिळते. तिकिटाचा परतावा किंवा पर्यायी विमान हा हक्क याखेरीज असतो.

लखनौ-पुणे मार्ग नेमका दोन तासांच्या रेषेवर आहे. वेळापत्रकात दोन तास पाच मिनिटे असतील तर कमाल मर्यादा १०,००० रुपयांची होते आणि पूर्ण दोन तास किंवा त्याहून कमी असतील तर ती ७,५०० रुपयांवर येते. जेट प्रवाहामुळे येण्याची वेळ जाण्यापेक्षा कमी ठेवली जात असल्यास एकाच मार्गाच्या दोन दिशांना दोन वेगळ्या मर्यादा लागू होऊ शकतात. म्हणून तिकीट घेताना निघण्याची आणि पोहोचण्याची छापील वेळ जपून ठेवणे हिताचे आहे.

विमान रद्द न होता केवळ लांबल्यास अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानांसाठी दोन तास किंवा अधिक उशीर झाल्यावर वेळेत विमानतळावर हजर झालेल्या प्रवाशांना खाद्यपदार्थ व अल्पोपाहार देणे कंपनीला बंधनकारक आहे. लखनौ-पुणे मार्ग या गटात मोडतो. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असल्यास पर्यायी विमान किंवा तिकिटाची संपूर्ण रक्कम परत, यांपैकी एक निवडण्याचा अधिकार प्रवाशाला आहे.

निश्चित आरक्षण असूनही जागा नाकारली गेल्यास वेगळी भरपाई आहे. पर्यायी विमान एका तासाच्या आत मिळाले तर काही देय नसते. २४ तासांच्या आत मिळाले तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या दुप्पट व इंधन आकार, कमाल १०,००० रुपये, तर त्यानंतर मिळाल्यास चौपट व इंधन आकार, कमाल २०,००० रुपये अशी तरतूद आहे.

या सर्वांना एक महत्त्वाचा अपवाद आहे. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा प्रश्न अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांनी विमान रद्द झाले किंवा लांबले तर आर्थिक भरपाई देय नसते. धुके याच वर्गात येते. त्यामुळे लखनौच्या प्रवाशाला ज्या काळात सर्वाधिक त्रास होतो, त्याच काळात भरपाईचा हक्क सर्वांत दुबळा असतो. मात्र परतावा किंवा पर्यायी विमान मागण्याचा अधिकार तेव्हाही कायम राहतो. कंपनीने 'तांत्रिक' किंवा 'परिचालनविषयक' असे मोघम कारण दिल्यास ते लेखी मागून घेणे इष्ट. तक्रारीसाठी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची 'एअरसेवा' ही ऑनलाइन व्यवस्था उपलब्ध आहे.

घरापासून घरापर्यंत

विमानातील सव्वादोन तास हा संपूर्ण प्रवासाचा केवळ एक भाग असतो. बहुतेक कंपन्या देशांतर्गत विमानाचे चेक-इन उड्डाणापूर्वी ६० मिनिटे आणि बोर्डिंगचे दार २५ मिनिटे आधी बंद करतात. म्हणून दोन तास आधी विमानतळावर पोहोचण्याचा सल्ला दिला जातो.

लखनौत विमानतळापर्यंत मेट्रोची सोय आहे. विमानतळ ते मुन्शीपुलिया ही सुमारे २३ किलोमीटरची मार्गिका मार्च २०१९ मध्ये पूर्ण झाली. ती चारबाग रेल्वेस्थानक आणि हजरतगंज या मध्यवर्ती भागांना जोडते. पुण्यात मेट्रो रामवाडीपर्यंत येते. तेथून लोहगावच्या टर्मिनलपर्यंत रिक्षा, टॅक्सी किंवा बसचा आधार घ्यावा लागतो. दोन्हीकडचा शहरांतर्गत प्रवास, विमानतळावरील प्रतीक्षा आणि सामान मिळण्यास लागणारा वेळ धरता घरापासून घरापर्यंत सहा ते सात तास गृहीत धरणे व्यवहार्य ठरते. तरीही रेल्वेच्या तुलनेत एक संपूर्ण दिवस वाचतो.

मार्गाचे महत्त्व

या मार्गावरील वाहतूक केवळ पर्यटनावर अवलंबून नाही. लखनौ हे भूदलाच्या मध्य विभागाचे, तर पुणे दक्षिण विभागाचे मुख्यालय आहे. सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय पुण्यात आहे आणि लष्कराच्या वैद्यकीय कोअरचे प्रशिक्षण केंद्र लखनौत. त्यामुळे लष्करी अधिकारी, जवान आणि त्यांच्या कुटुंबांची दोन्ही शहरांत सतत ये-जा असते. पुण्यातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत आणि महाविद्यालयांत उत्तर प्रदेशातील तरुण मोठ्या संख्येने आहेत. सुट्ट्या, होळी आणि दिवाळीच्या दिवसांत विमाने व गाड्या भरून जातात, त्यामागे हा वर्ग आहे.

मराठी माणसाचा लखनौशी असलेला संबंधही जुना आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालयाची स्थापना झाली. तीच संस्था आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. मुंबईचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तिचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. त्याही आधी, १८१८ मध्ये राज्य गमावल्यानंतर दुसरे बाजीराव पेशवे गंगेकाठच्या बिठूर येथे येऊन राहिले. कानपूरजवळचे हे गाव लखनौहून रस्त्याने काही तासांच्या अंतरावर आहे. महाराष्ट्रातून येणारे अनेक प्रवासी लखनौ विमानतळावर उतरून तेथे जातात.

प्रवाशांनी लक्षात ठेवावे असे

लखनौ-पुणे हवाई अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर; थेट विमानाची छापील वेळ दोन ते सव्वादोन तास; हवेतील वेळ सुमारे पावणेदोन तासांपर्यंत.

डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर या काळात पहाटे आणि सकाळी लखनौला येणारी-जाणारी विमाने लांबण्याची शक्यता अधिक. महत्त्वाचे काम असल्यास एक दिवस आधीचा प्रवास सुरक्षित.

जोडविमान असल्यास दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात घ्यावेत.

तिकिटावरील ब्लॉक टाइम दोन तासांच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहून ठेवावे. भरपाईची मर्यादा त्यावर ठरते.

घरातून निघण्यापूर्वी विमानाची स्थिती कंपनीकडून तपासावी आणि आरक्षण करताना स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा. रद्द झाल्याची सूचना त्याच क्रमांकावर येते आणि संपर्क तपशील न दिलेल्या प्रवाशाला भरपाईचा दावा करता येत नाही.